जुने डायल-अप मोडेम : कुठला जास्त फास्ट हे आज घरी कसं मोजायचं?

पोफळीबन

नमस्कार मंडळी,

गावच्या घराची कौलं उतरवायची होती म्हणून माळा रिकामा केला तर पत्र्याच्या ट्रंकेत चार मोडेम निघाले, फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडायचे ते. आम्ही २००० ते २००६ चिपळूणला सायबर कॅफे चालवायचो, त्यातलेच आहेत. दोन बाहेर ठेवायचे, यूएस रोबोटिक्सचे ५६के म्हणजे सेकंदाला ५६,००० बिटवाले, सीरियल केबलचे, पुढे लाल दिव्यांची रांग. दोन कॉम्प्युटरच्या आत बसणारी पीसीआय कार्डं आहेत, त्यातल्या एकावर ल्यूसंटची चिप आहे, दुसऱ्यावरचं नाव पुसलं गेलंय पण ते कार्ड अगदीच छोटं आहे, दोन-तीन चिपा सोडल्या तर त्यावर काहीच नाही, सोबतच्या सीडीवर नुसतं एचएसपी लिहिलंय. आणि आनंदाची गोष्ट म्हणजे दोन कॉम्प्युटरही चालू झाले, एक पेंटियम थ्री ५५० आणि एक पेंटियम १६६ एमएमएक्स, दोन्हीवर विंडोज ९८.

मुलगी सातवीत आहे, तिच्या शाळेत पुढच्या महिन्यात विज्ञान प्रदर्शन आहे. तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना या मोडेमची तुलना करून तक्ता लावायचाय, नुसत्या जुन्या वस्तू मांडून ठेवायच्या नाहीयेत, मोजून दाखवायचंय. मला हे मनापासून आवडलंय आणि ते नीट व्हावं असं वाटतं म्हणून इथे विचारतोय.

अडचण अशी की घरी आता तांब्याची लाइन नाही, फायबर आहे, फोन त्या फायबरच्या डब्याच्या मागे लागतो. बाहेरचा एक मोडेम तिथे लावला आणि नाशिकला मित्राकडे एक जुना मोडेम आहे त्याला डायल केलं, तर कधी २६,४०० ला जोडतो कधी २१,६०० ला, आणि दीड-दोन मिनिटांत तुटतो. मोडेमवर तर ५६के लिहिलंय. आणि ते छोटं कार्ड मात्र दरवेळी कनेक्ट ११५२०० दाखवतं, मग तेच सगळ्यात फास्ट धरायचं का? मला तरी ते पटत नाहीये कारण कॅफेत ते कार्ड कायम रडवायचं एवढं आठवतंय.

जुना_कॅफेवाला

अरे वा, सांगलीहून नमस्कार, आम्हीही त्याच धंद्यातले. १९९९ ते २००५, एका मोडेमवर चार पीसी आणि तासाला चाळीस रुपये.

आधी तुमच्या ११५२०० चं सांगतो. तो आकडा लाइनचा नाहीच. कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यात जो पोर्ट आहे त्याचा स्पीड आहे तो, मोडेम आणि समोरच्या मोडेमचं काय ठरलं ते त्यातून कळतच नाही. बहुतेक कार्डांना आधी एटी डब्ल्यू२ अशी कमांड दिली की मग कनेक्टच्या पुढे लाइनचा खरा स्पीड दिसतो. आमच्याकडे गिऱ्हाईकं यायची आणि म्हणायची अमक्या कॅफेत ११५ ची लाइन आहे तुमच्याकडे ४५ चीच, त्यांना समजावता समजावता तोंड दुखायचं.

आकडा बघून मोडेम कुठल्या पद्धतीने जोडला गेलाय हेही ओळखता येतं, हे मुलींना आवडेल. व्ही.३४ आणि व्ही.९० ही मोडेमांनी एकमेकांशी कसं बोलायचं याची ठरलेली मानकं. व्ही.३४ मध्ये पायऱ्या २,४०० च्या असतात, म्हणून २४,०००, २६,४००, २८,८००, ३१,२००, ३३,६०० असे आकडे येतात. व्ही.९० मध्ये पायरी आठ हजार भागिले सहा म्हणजे १,३३३ ची, म्हणून तिथे ४५,३३३, ४९,३३३, ५०,६६६ असे विचित्र आकडे. तुमचा २६,४०० म्हणजे सरळसरळ व्ही.३४.

आता हार्डवेअर. तुमच्याकडे तिन्ही जाती आहेत, म्हणजे तुलनेला फार सुंदर संच आहे. बाहेरच्या मोडेममध्ये सगळं आतच होतं, सिग्नलचं गणितही आणि चुका सुधारणं, कॉम्प्रेशन, एटी कमांड हेही. कॉम्प्युटर फक्त अक्षरं देतो आणि घेतो. ल्यूसंटवाल्या कार्डावर सिग्नलचं गणित करणारी चिप असते पण बाकीचा कारभार ड्रायव्हर म्हणजे तुमचा प्रोसेसर करतो. आणि एचएसपीमध्ये सिग्नलचं गणितसुद्धा प्रोसेसरवर, कार्ड म्हणजे फक्त फोनच्या तारेचा आवाज आत-बाहेर करणारं दार. म्हणून ते छोटं आणि म्हणूनच ते स्वस्त. प्रोसेसर दुसऱ्या कशात गुंतला की आवाजाचा एखादा तुकडा निसटतो आणि मग दोन्ही मोडेम बोलणं थांबवून पुन्हा जुळवून घेत बसतात, रीट्रेन म्हणतात त्याला, त्यात पाच-दहा सेकंद तर सहज जातात आणि तेवढा वेळ पान जसंच्या तसं अडकून राहतं. तुमचं कार्ड रडवायचं ते यामुळेच असणार.

आम्ही कॅफेत तुलना अशी करायचो : रात्री दोन वाजता, तीच लाइन, तोच नंबर, तीच झिप फाइल, प्रत्येक मोडेमने तीनदा उतरवायची. त्यात हे कळलं की ५०,६६६ ला जोडणारं एक कार्ड होतं ते एका फाइलमध्ये चार वेळा अडखळायचं आणि बाहेरचा मोडेम ४५,३३३ ला जोडून ती फाइल आधी संपवायचा. तेव्हापासून कनेक्टचा आकडा लिहून ठेवणं बंद केलं, फाइलला लागलेली मिनिटं लिहायला लागलो. तक्त्यात तोच रकाना मोठा ठेवा.

जून महिन्यात तुलना करायची नाही हाही आमचा नियम होता, पहिल्या पावसात डीपी बॉक्समध्ये, म्हणजे फोनच्या तारा जोडायच्या पेटीत, ओल आली की सगळेच मोडेम सारखे वाईट. आणि विजा सुरू झाल्या की आधी फोनची पिन काढायची, असे दोन मोडेम गेलेत माझे.

तारमास्तर

मी टेलिफोनमध्ये एकतीस वर्षं काढली, बहुतेक काळ बाहेरच्या केबलवर आणि शेवटी एक्स्चेंजमध्ये. पोफळीबन, तुम्हाला ५६के मिळणार नाही, ना फायबरच्या फोनवर ना घरात दोन मोडेम समोरासमोर ठेवून, आणि त्यात मोडेमचा काहीच दोष नाही. का ते सांगतो कारण तुलनेचा अर्धा अर्थ तिथेच आहे.

डिजिटल एक्स्चेंजमध्ये तुमचा आवाज लाइन कार्डावर, म्हणजे तुमची तार जिथे येते त्या कार्डावर, सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि दरवेळी ८ बिटांत लिहिला जातो, झाले ६४,००० बिट. मोजताना थोडं पुढे-मागे होतंच, जवळच्या ठरलेल्या पातळीवर आकडा बसवावा लागतो, आणि ती जी बारीक चूक आहे तीच लाइनवरची खरखर बनते, म्हणजे तुमची लाइन कितीही स्वच्छ असली तरी ही खरखर राहणारच. त्यामुळे व्ही.३४ ची धाव ३३,६०० वर थांबली. मग १९९७ मध्ये एक्स२ आणि के५६फ्लेक्स अशा दोन पद्धती आल्या, एकमेकींशी न बोलणाऱ्या, आणि १९९८ मध्ये व्ही.९० ने दोन्ही एकत्र आणल्या. त्यात युक्ती अशी की इंटरनेट कंपनीच्या टोकाला अ‍ॅनालॉग मोडेम नसतोच, तिथे एक्स्चेंजकडून ३० चॅनलची ई१ नावाची लाइन थेट डिजिटलमध्ये येते. म्हणजे कंपनीकडून तुमच्याकडे येताना रूपांतर एकदाच होतं, तुमच्या लाइन कार्डावर, आणि मोडेम त्या पातळ्या थेट ओळखतो. अगदी लहान पातळ्या एकमेकींना इतक्या खेटून असतात की तारेवर वेगळ्या ओळखू येत नाहीत, म्हणून ६४ न मिळता ५६ पर्यंतच. तुमच्याकडून वर जाताना मात्र ३३,६०० च.

मध्ये आणखी एक रूपांतर आलं की हे सगळं गेलं. ऑफिसचा ईपीएबीएक्स म्हणजे आतल्या फोनांचा छोटा एक्स्चेंज असो, एका जोडीवर दोन ग्राहक बसवणारं पेअर गेन असो, किंवा गावचं एक्स्चेंज डिजिटल असूनही पुढच्या एक्स्चेंजपर्यंतचं जंक्शन अ‍ॅनालॉग असो. लोक मोडेमला शिव्या द्यायचे, नवीन आणायचे, तोही ३१,२०० लाच जोडायचा. मी अशा कित्येक घरी गेलोय, पेअर गेन काढून साधी जोडी दिली की त्याच मोडेमला दुसऱ्या मिनिटाला ४८,००० मिळायचे, आणि त्या घरातली मुलं टाळ्या वाजवायची.

तुमच्या दोन्ही टोकांना साधे मोडेम आहेत, म्हणून कमाल ३३,६००. फायबरवर तर आवाज २०-२० मिलिसेकंदांच्या पाकिटांत जातो, एखादं पाकीट उशिरा आलं किंवा दोन टोकांची घड्याळं किंचित मागे-पुढे झाली की माणसाला कळतही नाही पण मोडेमचा तोल जातो. म्हणून दीड मिनिटात तुटतोय. त्या डब्यावर कुठल्याच मोडेमची तुलना होणार नाही, तुम्ही डब्याचीच परीक्षा घेत बसाल.

पोफळीबन

तारमास्तर काका, इतकं नीट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, मुलीला वाचून दाखवलं आणि तिने लगेच वहीत ८,००० गुणिले ८ करून बघितलं. मग आता घरातच दोन मोडेम एकमेकांना जोडायचे तर नुसती फोनची वायर इकडून तिकडे लावून चालेल? मी लावून पाहिली, एटीडी म्हणजे डायल करायची कमांड दिली तर नो डायलटोन म्हणतो.

पेंग्विनप्रेमी

नुसत्या वायरने जमेलच असं नाही कारण एक्स्चेंज लाइनला वीज पुरवतं, ४८ व्होल्ट, आणि मोडेमच्या आतलं लाइनचं सर्किट त्या करंटवर चालतं. पण हे घरी सोपं आहे, मी पुण्यात आमच्या ग्रुपच्या मुलांना करून दाखवलंय. फोनच्या वायरमधल्या मधल्या दोन तारा घ्यायच्या, एक तार सरळ, दुसरी कापून तिच्यात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि ३९० ओहमचा रेझिस्टर एका रांगेत. बस. डायलटोन नाही म्हणून एका बाजूला एटीएक्स३डी द्यायचं, एक्स३ म्हणजे टोनची वाट बघू नको, आणि लगेच दुसऱ्या बाजूला एटीए, म्हणजे फोन उचल. कमांडी अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. ही वायर चालू फोनलाइनला चुकूनही जोडू नका आणि मुलींना एकटीला करू देऊ नका.

आवाज बंद करू नका. आधी २,१०० हर्ट्झची शिट्टी येते आणि दर ४५० मिलिसेकंदांनी तिला एक बारीक झटका बसतो, तो लाइनवरची इको काढणारी यंत्रं बंद करायला. मग जो घंटेसारखा घरघरता आवाज येतो ना त्यात १५० हर्ट्झपासून १५०-१५० च्या अंतराने कितीतरी सूर एकदम वाजत असतात, लाइन कुठला सूर खाते ते समोरचा मोजतो आणि त्यावरून स्पीड ठरतो. आमच्या मुलांना हे कळलं आणि मग त्यांनी तो आवाज वीस वेळा तरी लावून ऐकला.

एक बाहेरचा मोडेम कायम एका टोकाला ठेवा, तो मापाचा. दुसऱ्या टोकाला बाकीचे तीन एकेक करून. विंडोजमधल्या हायपरटर्मिनल प्रोग्रॅममधून झेडमोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीने फाइल पाठवा, इंटरनेटची भानगड मध्ये नको. फाइल बरोबर १ एमबीची आणि दाबली न जाणारी, म्हणजे झिप किंवा जेपीजी. कॉम्प्रेशन बंद करा. इथे एक खड्डा आहे, यूएस रोबोटिक्सला एटी&के० ने कॉम्प्रेशन बंद होतं, पण बाकीच्या बहुतेकांवर त्याच कमांडने फ्लो कंट्रोल, म्हणजे 'जरा थांब' सांगायची सोय, बंद होतो आणि फाइलची वाट लागते. त्यांना एटी%सी० द्यायचं. कॉल संपल्यावर यूएस रोबोटिक्सला एटीआय६ दिलं की किती वेळा रीट्रेन झालं ते कळतं, ल्यूसंटला एटीआय११.

परदेशी_पाखरू

पेंग्विनप्रेमी, बाकी सगळं मान्य पण कॉम्प्रेशन बंद करून तुलना मला पटत नाही. त्या काळी आपण उघडायचो काय, तर एचटीएमएल आणि मेल, म्हणजे निव्वळ टेक्स्ट. व्ही.४२बिस ही कॉम्प्रेशनची पद्धत चांगल्या टेक्स्टला एकास चारपर्यंत दाबतं, २००० साली व्ही.९२ बरोबर आलेलं व्ही.४४ सहापर्यंत. ते काम बाहेरचा मोडेम स्वतः करतो आणि ल्यूसंट-एचएसपी तुमच्या प्रोसेसरकडून करून घेतात. तो फरक दाखवायचाच नाही म्हणजे अर्धी तुलना कापून टाकली. दोन फाइली ठेवा, एक झिप आणि एक मराठी टेक्स्ट.

मी तेव्हा न्यू जर्सीत नवीन होते, तिकडे तर कायद्यानेच ५३.३ च्या वर जाता यायचं नाही कारण लाइनवर किती जोरात सिग्नल द्यायचा याला मर्यादा होती, आणि काही ठिकाणी एक्स्चेंज सिग्नलिंगसाठी अधूनमधून शेवटचा बिट पळवायचं. त्यामुळे तिथे ५३,३३३ दिसले तरी लोक खूश. गेम खेळणारे मित्र मात्र कॉम्प्रेशन मुद्दाम बंद ठेवायचे, त्यांना केबी नको होते, कमी पिंग म्हणजे झटपट उत्तर हवं होतं. २०२५ च्या ३० सप्टेंबरला एओएल या इंटरनेट कंपनीने तिथलं डायल-अप बंद केलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, आईला पहिला ईमेल मी त्या आवाजावरच पाठवला होता आणि तो तिला दुसऱ्या दिवशी दादरच्या एका कॅफेत प्रिंट काढून मिळाला होता.

जुना_कॅफेवाला

ताईंचं बरोबर आहे, दोन्ही फाइली ठेवा. फक्त दोन्हीचे आकडे एका रकान्यात मिसळू नका.

पोफळीबन

बॅटरीवाली वायर चालली!! पहिल्याच फटक्यात ३३,६००. मुलगी उड्या मारत होती. काल दिवसभर मोजलं, दोन फाइली, दोन्ही बरोबर १ एमबीच्या, प्रत्येकी तीनदा, झिपला कॉम्प्रेशन बंद आणि टेक्स्टला चालू, पण निकाल बघून आम्ही सगळे कोड्यात पडलोय. बाहेरच्या मोडेमने झिप ४ मिनिटं ४४ सेकंद, टेक्स्टही ४:४४. ल्यूसंटने झिप ४:४५, टेक्स्ट ४:४४. एचएसपीने पेंटियम थ्रीवर ३१,२०० ला जोडून झिप ४:५१, टेक्स्ट ४:४५. म्हणजे कुठल्याच मोडेममध्ये फरक नाही आणि कॉम्प्रेशनचाही काही उपयोग नाही? टेक्स्टची फाइल कोकणातल्या म्हणी आणि आजीच्या पाककृती अशी आम्हीच टाइप केलेली आहे, पुन्हा पुन्हा चिकटवून १ एमबी केली, ती तर भरपूर दाबली जायला हवी ना.

मुलगी म्हणते की तीन वेगळे मोडेम एकाच सेकंदाला पोचत असतील तर अडवणारी वस्तू चौथीच कुठलीतरी आहे.

पेंग्विनप्रेमी

मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या, अगदी बरोबर पकडलंय तिने. मापाच्या मोडेमच्या बाजूचा पोर्ट बघा, हायपरटर्मिनलमध्ये बहुतेक ३८,४०० असणार. सीरियल पोर्टवर एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट लागतात, म्हणजे ३८,४०० ला सेकंदाला ३,८४० अक्षरं, त्याहून एक जास्त नाही. मोडेम आपापसात ते दोन जादाचे बिट टाकून देतात, ३३,६०० भागिले ८ म्हणजे ४,२०० अक्षरं. तुमची लाइन पोर्टपेक्षा फास्ट झालीये! ११५,२०० करा, दोन्हीकडे. फ्लो कंट्रोल हार्डवेअरवर. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या सेटिंगमध्ये फिफो चालू आहे ना तेही बघा, पोर्टच्या १६५५० चिपमध्ये १६ अक्षरं साठवायची जागा असते, ती बंद असेल तर ११५,२०० ला १६६ एमएमएक्स दमेल आणि अक्षरं सांडतील.

पोफळीबन

३८,४०० च होता! आता आकडे ऐका. बाहेरचा : झिप ४:२८, टेक्स्ट १:४९. ल्यूसंट : झिप ४:३०, टेक्स्ट १:५२. एचएसपी पेंटियम थ्रीवर : झिप ४:४९, टेक्स्ट २:०४. मग एचएसपी कार्ड १६६ एमएमएक्समध्ये घातलं आणि तिथे खरी गंमत, नुसतं सोडलं तर ५:१०, पण फाइल चालू असताना मुलीने पेंटमध्ये चित्र काढायला घेतलं आणि माऊस ओढला की लगेच आकडा गोठायचा, स्पीकरवर पुन्हा तो घरघराट, आणि फाइल ६:२२ ला संपली. तोच खेळ बाहेरच्या मोडेमवर केला, ४:२९. प्रदर्शनात हेच दाखवायचं ठरलं, बघणाऱ्यालाच चित्र काढायला द्यायचं. कॅफेत आमच्या त्या कोपऱ्यातल्या मशीनवर गिऱ्हाईक चिडायचं ते का हे मला आज इतक्या वर्षांनी समजलं, बाबांनी त्या मशीनसाठी दोनदा लाइनमनला बोलावलं होतं.

पण बाहेरचा आणि ल्यूसंट यात दोन सेकंदांचाच फरक, मग तेव्हा बाहेरच्याला चौपट पैसे कशाला मोजायचो आपण?

तारमास्तर

कारण तुमची लाइन दोन फुटांची आहे. एवढ्या स्वच्छ तारेवर सगळेच पहिले येतात. खरा फरक लांब, खराब लाइनवर दिसायचा. एक्स्चेंजपासून चार किलोमीटरवरचं घर, वाटेत चार जॉइंट, अशी लाइन घरात बनवता येते.

आपल्याकडची केबल ०.५ मिलिमीटरची धरली तर दर किलोमीटरला जाऊन-येऊन साधारण १७६ ओहम आणि दोन तारांच्या मध्ये सुमारे ५० नॅनोफॅरड. म्हणजे एका किलोमीटरसाठी दोन्ही तारांत मिळून १७६ ओहम घाला, प्रत्येकीत ८८, आणि मध्ये एक ५० नॅनोचा कपॅसिटर आडवा. ४७ चा मिळेल तोही चालेल. असे चार तुकडे एकामागे एक, म्हणजे चार किलोमीटर, लाकडी फळीवर खिळ्यांना सोल्डर करून. ३९० चा रेझिस्टर काढून टाका आणि बॅटऱ्या तीन लावा, एकीने आता करंट पुरणार नाही. एका तुकड्याला दोन तारांच्या मध्ये ओली दोरी बांधून बघा, पावसाळ्यातला जॉइंट हुबेहूब तसाच वागतो. आम्ही शिकत असताना ट्रेनिंग सेंटरला असाच फळा होता आणि त्यावर ओलीचा फॉल्ट ओळखायला शिकवायचे. फळीवर प्रत्येक तुकड्याखाली गावांची नावं लिहा, एक्स्चेंज, बाजारपेठ, नदीचा पूल, वाडी, मुलांना लगेच कळतं.

पोफळीबन

काका, फळी झाली. मेव्हण्याने सोल्डर करून दिली, नावं मुलींनी लिहिली : एक्स्चेंज, मच्छी मार्केट, पूल, आंबेआळी, आमचं घर.

चार किलोमीटरवर बाहेरचा २८,८०० ला जोडतो आणि रीट्रेन शून्य. ल्यूसंटही २८,८०० पण तीनातल्या एका वेळी मध्येच २६,४०० वर उतरला. एचएसपी पेंटियम थ्रीवरसुद्धा २४,०००, आणि ओली सुतळी बांधली की तो सुटतोच, पुन्हा जोडायला दोन-तीनदा प्रयत्न करावे लागतात. बाहेरचा ओल्या सुतळीवर २४,००० ला उतरला पण फाइल पूर्ण केली, ६ मिनिटं ११ सेकंद. एटीआय६ मध्ये दोन रीट्रेन दिसली आणि मुलीने ती लाल पेनने तक्त्यात भरली. चौपट पैशांचं उत्तर मिळालं, आणि बाबांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले मग ते कोपऱ्यातलं मशीन दुसऱ्या जागी हलवून काही झालं नसतं म्हणजे, आणि मग बराच वेळ त्या वेळच्याच गोष्टी सांगत बसले.

एक मदत हवी आहे. मापाच्या मोडेमची सीरियल केबल जुनी आहे, काल तिची एक पिन आत गेली आणि आता धरून ठेवली तरच चालते. ९ पिनी पासून २५ पिनीची, मोडेमला लागते तशी सरळ केबल, कुणाकडे आहे का? रत्नागिरी, चिपळूणला दुकानं फिरलो, नाव सांगितलं तरी कुणाला कळत नाही.

जुना_कॅफेवाला

माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही सरळ, मीटर लावून आत्ताच सगळ्या पिना तपासल्या. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, उद्या संध्याकाळच्या एसटी पार्सलने टाकतो. दोन्ही ठेवून घ्या, प्रदर्शनात एक तुटली तर दुसरी असू दे. आणि त्या फळीचा फोटो इथे नक्की टाका, पूल आणि मच्छी मार्केट दिसेल असा.